युनाची गोष्ट संपल्यानंतर

आमच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे. त्याचं बिजागर तुटलंय, त्यामुळे पडदा भिंतीला टेकवूनच उघडावा लागतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझे शौहर आणि आमचा मुलगा त्याच्यावर एक जपानी गेम खेळत बसायचे. नाव ‘फायनल फँटसी टेन’. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला. त्या एका पाकिटात दोन गेम येतात, एक ‘टेन’ आणि दुसरा त्याचाच पुढचा भाग, ‘टेन-टू’. बापलेकांनी मिळून पहिला संपवला. दुसरा ईदनंतर सुरू करायचा असं ठरलं. एप्रिल 2021 मध्ये, रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, ते गेले. त्या महिन्यात नांदेडात कुणाकुणाच्या घरी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

तीन वर्षं तो दुसरा गेम तसाच पडून राहिला. मी विचारलं नाही, मुलानं काढला नाही. 2024 ची दहावीची परीक्षा झाली, ईद झाली आणि एका दुपारी कूलरसमोर बसून त्यानं लॅपटॉप भिंतीला लावला. म्हणाला, “अम्मी, दूसरा वाला शुरू करूं?” मी म्हटलं, “कर की.” आणि भाजी निवडायचं निमित्त करून तिथंच बसले.

मी उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. गेममधलं मला फारसं कळत नाही. पण गोष्ट म्हणजे काय ते थोडंफार कळतं, आणि हा गेम म्हणजे मुळात चाळीस-पन्नास तासांची गोष्ट आहे. ती मी दीड महिना जवळजवळ रोज पाहिली. तिच्याविषयी मला काही चांगलं आणि काही तक्रारीचं बोलायचं आहे.

आधी पहिल्या भागाविषयी, नाहीतर पुढचं समजणार नाही. तो 2001 मध्ये जपानात आला. स्पिरा नावाची एक दुनिया आहे. तिथं ‘सिन’ नावाचा डोंगराएवढा राक्षस समुद्रातून येतो आणि गावंच्या गावं धुऊन नेतो. त्याला थोपवायला ‘समनर’, म्हणजे दैवी शक्तींना आवाहन करणारे लोक, पायी यात्रा करत झानारकंड नावाच्या ओसाड शहरापर्यंत जातात. तिथं जे अखेरचं आवाहन करायचं, त्यात करणाऱ्याचा जीव जातो. राक्षस काही वर्षं शांत होतो आणि पुन्हा जन्मतो. युना नावाची सतरा वर्षांची मुलगी याच वाटेनं निघते. तिचे वडीलही याच वाटेनं गेलेले असतात. शेवटी तिला कळतं की धर्मपीठ लोकांना पिढ्यान् पिढ्या खोटी आशा दाखवत आलंय. ती तो जुना रस्ता नाकारते आणि सोबत्यांच्या मदतीनं राक्षसाला कायमचं संपवते. पण तिचं ज्याच्यावर प्रेम जडलेलं असतं तो टीडस नावाचा मुलगा मुळात एका स्वप्नातून घडलेला असतो. राक्षस संपतो तेव्हा स्वप्नही संपतं. तिच्या डोळ्यांसमोर तो विरून जातो.

इथं गोष्ट संपली होती आणि चांगली संपली होती. मग 2003 मध्ये कंपनीनं पुढचा भाग का काढला? या मालिकेत तोवर प्रत्येक गेमची दुनिया वेगळी असायची. जुन्याच गोष्टीला जोडून पुढचा पूर्ण गेम काढायची ही पहिलीच वेळ. पहिल्या भागावर जीव टाकणारे पुष्कळ लोक यावर नाराज झाले.

दुसऱ्या भागाचं दुखणं आम्हा उर्दूवाल्यांना नवं नाही. डिप्टी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ 1869 मध्ये आली. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची गोष्ट. ती इतकी गाजली की 1872 मध्ये ‘बनातुन्नाश’ हा तिचा पुढचा भाग आला. त्यात असगरीनं मुलींची शाळा चालवलेली आहे आणि हुस्नआरा नावाची लाडावलेली श्रीमंत मुलगी तिथं शिकायला येते. गोष्ट मागं पडते आणि भूगोल, हिशेब, विज्ञान पुढं येतं. वर्गात मी नेहमी सांगायची, पहिला भाग मनानं लिहिला जातो, दुसरा मागणीनं. ‘टेन-टू’ सुरू झाला तेव्हा माझं हेच मत होतं.

सुरुवातीनं तर ते पक्कंच झालं. पहिला भाग शेकोटीभोवती गप्प बसलेल्या माणसांपासून सुरू होतो. हा सुरू होतो एका स्टेडियममधल्या झगमगाटी गाण्यापासून. युना तोकड्या कपड्यांत नाचतेय, माणसं ओरडताहेत. माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. थोड्या वेळानं कळलं की ती नाचणारी युना नव्हेच, तिचं रूप घेतलेली दुसरीच चोरटी बाई आहे. पण खरी युना येते तेव्हा तिचे कपडेही पहिल्या भागातल्या लांब बाह्यांच्या झग्यासारखे नाहीत. आखूड पँट, हातात दोन पिस्तुलं. दोन वर्षांत समनरची पिस्तुलवाली झाली! रिक्कू नावाची मामेबहीण आणि पेन नावाची एक अबोल मैत्रीण यांच्याबरोबर ती विमानातून जुन्या आठवणी साठवलेले गोळे शोधत फिरते. पहिल्या भागातल्या एका सोबत्याला, किमारीला, बर्फाच्या डोंगरावर असाच एक गोळा सापडलेला असतो. त्यात कैदेतला एक तरुण दिसतो, अगदी टीडससारखा. त्याच्यासाठी ती घराबाहेर पडलेली असते.

मी मुलाला म्हटलं, “ये क्या कर दिया बेचारी का?” तो म्हणाला, “अम्मी, रुको, ये देखो.” मग त्यानं मला मधला एक छोटा चित्रपट दाखवला, तो याच पाकिटात येतो. पहिल्या भागानंतरची दोन वर्षं युना बेसाईड या आपल्या गावी राहते. रोज तिच्या दारात माणसं येतात. कुणाला सल्ला हवा, कुणाला नुसतं दर्शन. सगळ्यांना ती सिनला मारणारी थोर समनर म्हणून हवी असते. ती सगळ्यांशी नीट बोलते, हसते आणि एकटी असली की पाण्याखाली श्वास रोखून धरायचा सराव करते. तिला स्वतःला काय हवंय हे विचारायला कुणी येत नाही.

ते पाहून मी गप्प झाले. त्याचं कारण सांगते.

इद्दतचे चार महिने दहा दिवस ऑगस्टअखेर संपले. ऑक्टोबर 2021 मध्ये शाळा उघडल्या तेव्हा पहिल्या दिवशी मी फिरोजी ओढणी घेतली. ती त्यांनीच आणलेली होती, आदल्या वर्षी. गेटजवळच एक बाई म्हणाल्या, “इतक्या लवकर?” मला आजवर कळलं नाही की लवकर म्हणजे कशाच्या लवकर. शरियतनं मुदत घालून दिली आहे, ती मी पुरी केली होती. त्यानंतरचं कॅलेंडर लोकांनी मनानंच छापलेलं असतं. त्यात रंग कधी, हसायचं कधी, लग्नाला जेवायला जायचं कधी, सगळं लिहिलेलं असतं. माणसं वाईट नव्हती. संध्याकाळी डबे पाठवणारी तीच होती. पण त्यांना माझी एकच गोष्ट माहीत होती आणि मी तिथंच थांबावं असं त्यांना वाटत होतं. देगलूर नाक्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत सगळे माझ्याशी आवाज उतरवून बोलायचे. एकदा मी कोथिंबिरीच्या भावावरून भांडले तर तो गोंधळलाच.

म्हणून युनाच्या आखूड पँटीवरचा माझा राग निम्मा तिथंच उतरला. निम्मा राहिला, तोही सांगते. तिनं झगा टाकला हे मला पटलं. पण गेम बनवणाऱ्यांनी तिला आणि तिच्या मैत्रिणींना जे कपडे दिले त्यातले बरेचसे त्या मुलींनी निवडलेले वाटत नाहीत, बघणाऱ्यांसाठी शिवलेले वाटतात. एका ठिकाणी तर शत्रूच्या वाड्यात वेश बदलून शिरल्यावर युनाला त्या चोरट्या बाईची पाठ चोळून द्यावी लागते आणि खेळणाऱ्यानं नेमकी जागा शोधत बटणं दाबायची. मुलगा इतका ओशाळला की त्यानं आवाज बंद करून टाकला. मी उठून चहा ठेवायला गेले.

मात्र कपडे बदलण्याचीच जी युक्ती यांनी लढाईत वापरलीय ती मला फार आवडली. पहिल्या भागात प्रत्येकजण आपल्या पाळीची वाट बघत निवांत लढायचा. इथं वेळ वाहत असतो, तुम्ही विचार करत बसलात तर शत्रू थांबत नाही. आणि लढता लढता या तिघी पोशाख बदलतात. पोशाख बदलला की विद्याही बदलते. आत्ता पिस्तुल चालवणारी पुढच्या क्षणी जखमा भरून आणते, त्यानंतर गाते, त्यानंतर समुराई होते. मला पाहताच अय्यार आठवले. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त अमर अय्यार हेच तर करतो! कधी म्हातारी, कधी गवई, कधी शत्रूचाच नोकर. तलवारीनं जे होत नाही ते वेश बदलून करतो. मी मुलाला हे सांगितलं तर त्यानं विचारलं, “तो क्या युना अय्यार है?” म्हटलं, “हो, आणि चांगली अय्यार आहे.” त्या दिवसापासून आमच्या घरी त्या गेमचं नाव ‘अय्यारी’ पडलं.

आता तक्रारी. पहिल्या भागाचं बरंचसं संगीत नोबुओ उएमात्सु यांचं होतं. त्यातली पियानोची एक धून आमच्याकडे लॉकडाऊनभर वाजायची, मला ती स्वयंपाक करताना पाठ झाली होती. दुसऱ्या भागात ते नाहीत, नोरिको मात्सुएदा आणि ताकाहितो एगुची यांनी नवी, नाचरी चाल लावलीय. वाईट नाही, पण त्या धूनची जागा रिकामीच राहते. दुसरं म्हणजे कामं फार किरकोळ आहेत. वाळवंटात खोदत बसा, एका कंपनीची जाहिरात करत दारोदार फिरा, माकडांच्या जोड्या जुळवा. एका घटकेला दुनिया बुडायला आलेली असते आणि दुसऱ्या घटकेला युना माकडांची सोयरीक जमवत असते. जागाही बऱ्याचशा जुन्याच, त्याच वाटांनी पाच प्रकरणांत पुन्हा पुन्हा जायचं.

आणि टक्के! गोष्ट किती पूर्ण झाली ते गेम टक्क्यांत दाखवतो. दहावीच्या निकालाची वाट बघणाऱ्या घरात पडद्यावरही टक्केच. मेचेन नावाचे एक म्हातारे विद्वान भेटतात, फार लांबण लावतात. त्यांचं बोलणं मध्येच तोडलं तर टक्के हुकतात. बाई म्हणून मला हा नियम मनापासून पसंत पडला, पण मुलाच्या मते हा जुलूम आहे.

त्याच माकडांचं एक मात्र सांगायला हवं. पहिल्या भागातलं झानारकंड, जिथं माणसं मरायला जात, ते आता पर्यटनस्थळ झालंय. सहली येतात, पहिल्या भागात स्वतः यात्रेला निघालेला एक समनर आता तिथं गाईडचं काम करतो. युनाला ते सहन होत नाही. तिथली माकडं वाढली तर पर्यटक कंटाळून जातील, म्हणून ती सोयरीक. मला कंधारच्या किल्ल्यावर नेलेली शाळेची सहल आठवली. मुलं दगडी तटावर बसून चिप्स खात होती आणि मी त्यांच्यावर ओरडत होते, आणि ओरडतानाच वाटत होतं की ही मुलं इथं निर्धास्त बसून चिप्स खाताहेत हे वाईट आहे का? युनालाही या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही.

असं बरंच काही या हसऱ्या, उथळ वाटणाऱ्या गेमच्या पोटात आहे. राक्षस मेला म्हणून सगळे सुखानं नांदू लागले असं होत नाही. धर्मपीठाचं खोटं उघड झाल्यावर तरुणांचा एक गट म्हणतो, जुनं सगळं बाहेर काढा. दुसरा गट म्हणतो, हळूहळू घ्या, लोकांना काहीतरी धरायला लागतं. डोंगरावरच्या रोन्सो लोकांची पूर्वी कत्तल झालेली असते. कत्तल करणारा ग्वाडो जमातीचा होता. म्हणून रोन्सोंचे तरुण साऱ्या ग्वाडोंवर सूड घ्यायला निघतात. त्यांचा मुखिया झालेल्या किमारीला त्यांना काय सांगावं ते सुचत नाही. ते पाहताना मला नानी आठवली. दर 17 सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होतं, मी मुलांकडून मराठवाडा मुक्तिसंग्रामावर भाषणं बसवून घेते आणि ती मनापासून बसवते. निजामाचं राज्य गेलं ते चांगलंच झालं. पण 1948 चं साल निघालं की नानी उठून आत जायची, आणि तिनं शेवटपर्यंत त्याविषयी तोंड उघडलं नाही. मोठा विजय झाल्यावरही घराघरांत काहीतरी शिल्लक राहतं. त्या शिल्लक राहिलेल्याचं काय करायचं, हाच तर या गेमचा विषय आहे.

गोळ्यात दिसलेला तो कैदी टीडस नसतोच. तो शुयिन, हजार वर्षांपूर्वी मेलेला. त्याला आणि त्याच्या लेन नावाच्या प्रेयसीला एकत्र गोळ्या घातलेल्या. त्याला ते दुःख सोडवत नाही. हजार वर्षं ते उगाळून त्याला वाटू लागतं की ज्या दुनियेत लेन मेली ती दुनियाच नको, आणि एक प्रचंड यंत्र चालवून तो सगळं जाळायला निघतो. युनाचं दुःख त्याच जातीचं. चौथ्या प्रकरणात विजांच्या मैदानावर ती दोन्ही गटांच्या लोकांसमोर लेनचं गाणं गाते. गाता गाता जुनी आठवण सगळ्यांना दिसते, भांडायला आलेली माणसं गप्प होतात. त्या एका प्रसंगासाठी मी या गेमचे सगळे माकडचाळे माफ केले. एकाच दुःखातून निघणाऱ्या दोन वाटा त्यात समोरासमोर उभ्या आहेत. त्यातली एक मी 2021 च्या हिवाळ्यात बरीच जवळून पाहिली होती.

आम्ही गेम संपवला. शुयिन शांत झाला, यंत्र मोडलं. युना आपल्या सोबतिणींबरोबर पुढच्या प्रवासाला लागली. टीडस आला नाही. मला तो शेवट अगदी बरोबर वाटला. मी म्हटलं, छान आहे, आणि उठले.

मुलगा उठला नाही. रात्री त्यानं इंटरनेटवर वाचलं की दुसराही शेवट आहे. तिसऱ्या प्रकरणात युना मृतांच्या लोकात एकटी अडकते. तिथं एक बटण दाबत राहिलं तर शिट्टी ऐकू येते. पहिल्या भागात टीडसनं तिला शिट्टी वाजवायला शिकवलेलं असतं आणि सांगितलेलं असतं की ताटातूट झाली तर शिट्टी मार, मी धावत येईन. तिथं बटण दाबलं, आणि शेवटी एक आत्मा विचारतो त्या प्रश्नाला होकार दिला, तर तो परत येतो. शंभर टक्के झाले तर आणखी एक प्रसंग दिसतो. हे तुम्हाला गेम कुठंही सांगत नाही. आमचा मुलगा दुसऱ्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून बसला.

हा शेवट गोष्टीच्या दृष्टीनं चुकीचा आहे असं माझं मत आहे आणि ते अजून बदललेलं नाही. ज्या युनानं तीस-चाळीस तास खर्चून त्याच्याशिवाय जगायला शिकलं तिला तो बक्षीस म्हणून कशाला द्यायचा? पण हा मोह मोठमोठ्यांना आवरलेला नाही. भवभूतीनं ‘महावीरचरित’ लिहिलं आणि त्याचा पुढचा भाग म्हणावा असं ‘उत्तररामचरित’. वाल्मीकींच्या रामायणात सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीनं मात्र शेवटी राम-सीतेची भेट घडवली. बी.एड.च्या काळात आमच्या एका मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी वर्गात म्हटलं होतं, हे सोयीचं झालं. मॅडम नुसत्या हसल्या होत्या.

एका रात्री साडेदहाला मुलानं हाक मारली. पडद्यावर युना त्या ठिकाणी एकटी उभी होती. “अम्मी, यहाँ दबाना है,” म्हणाला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. त्याला स्वतःला दाबायचं नव्हतं, की मी दाबावं असं वाटत होतं, मी विचारलं नाही. मी त्याला समजावू शकले असते की बेटा, भेट होईल ती आखिरतमध्ये, इन्शाअल्लाह, बटणानं नाही. ते त्यालाही माहीत आहे.

मी बटण दाबलं. शिट्टी आली. पुन्हा दाबलं. चौथ्या शिट्टीनंतर त्यानं लॅपटॉप परत घेतला आणि म्हणाला, “बस, इतना ही था.” मग त्यानं विचारलं की उद्या भाजी काय आहे.

आठवड्याभरानं तो दुसरा शेवट आला. बेसाईडच्या किनाऱ्यावर टीडस पाण्यातून बाहेर येतो, युना धावत जाते. मुलगा बराच वेळ बघत राहिला. टक्के मात्र शंभर झाले नाहीत, मेचेनचं एक भाषण कुठंतरी अर्धं राहिलं होतं. पुन्हा सुरू करतोस का, विचारलं तर म्हणाला, नको, पहिलावालाच शेवट बरा होता.

कुणी मला विचारलं की हा गेम खेळावा का, तर मी हो म्हणेन. पहिला भाग खेळल्याशिवाय खेळू नका. कपड्यांवर चिडाल, माकडांवर कंटाळाल, तरी विजांच्या मैदानापर्यंत जा. घरात तरुण मुलगा असेल तर त्याच्याशेजारी बसा, भाजी निवडायला घेतली तरी चालेल. लॅपटॉपचं बिजागर आता दुरुस्त करून घ्यायचं ठरवलंय.